गाडीचा एसी सर्व्हिस करताना: गॅसआधी व्हॅक्यूमचं सामान घ्या

नुसती गॅसची कॅन आणि एकेरी गेजची नळी घेऊन एसी भरू नका. मॅनिफोल्ड गेज (निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा), दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप, खोल व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज आणि पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा हवाच. एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. म्हणून बाजूंनी बंद गॉगल आणि हातमोजे घालूनच नळी जोडा. बॉनेटखालचा स्टिकर वाचा. तिथे आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस लिहिलेला असेल किंवा गाडी हायब्रिड, इलेक्ट्रिक असेल तर काम थांबवा. त्यांचं सामान आणि ऑइल वेगळं.

जुना गॅस रिकव्हरी मशीननेच काढायचा, हवेत सोडायचा नाही. मशीन नसेल तर एवढं काम गॅरेजमधून करून घ्या.

गळती शोधायला रेग्युलेटर लावलेला नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. टायरवाल्याची हवा नको: तिच्यात ओलावा असतो, शिवाय दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटू शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. कळंगुट, बाणावलीसारख्या किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरचा खालचा भाग आधी बघा, खारी हवा तो खाते.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा खेचून काढणं. बहुतेक एसी इथेच बिघडतात. ‘दहा मिनिटं पंप लावला, काटा खाली गेला, झालं’ हा सल्ला गोव्यात, त्यातही पावसाळ्यात, अजिबात ऐकू नका. नळ्या उघडल्या की दमट हवा आत जाते आणि कॉम्प्रेसरचं पीएजी ऑइल तिच्यातला ओलावा शोषतं. तो ओलावा गॅस बारीक छिद्रातून सोडणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये गोठतो. थंड हवा मध्येच बंद पडते, थोड्या वेळाने परत येते. पुढे आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर जातो.

३० अंशांना पाणी उकळायला दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली न्यावा लागतो, आणि ऑइलमधला ओलावा याहून चिवट. निळ्या गेजवर २९ इंच आणि पूर्ण व्हॅक्यूम यातला फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून मायक्रॉन गेज, आणि तोही पंपाजवळ नाही, गाडीच्या बाजूला. ५०० मायक्रॉनपर्यंत न्या. पाऊण-एक तास लागू द्या. सुरुवातीला पंपातला ओलावा बाहेर टाकणारा बॅलास्ट व्हॉल्व उघडा ठेवा. पंपाच्या काचेत ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, त्या ऑइलवर पंप खोल खेचतच नाही.

मग पंपाकडचा व्हॉल्व बंद करून पंधरा मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा उरलाय, परत पंप लावा. चढतच राहिला तर गळती आहे, गॅस भरू नका. ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलायचा असेल तर त्याचं पाकीट अगदी शेवटी फोडा.

गॅस स्टिकरवरच्या वजनाइतकाच भरा, गेज बघून नाही. बाहेरच्या तापमानाबरोबर दाब बदलतो. इंजिन चालू असताना कॅन उभी धरून निळ्या बाजूनेच भरा. त्या वेळी लाल व्हॉल्व उघडला तर दाब कॅनमध्ये शिरून ती फुटते. शेवटी नळ्या जोडायच्या तोंडांच्या दोन्ही टोप्या लावा, आतली रबरी सील चिरलेली असेल तर टोपी बदला.