दर पावसाळ्यात रस्ता का उखडतो? मुंबईत रस्ता करताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि पुढच्या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद होते. पावसाने रस्ते खराब झाले, असे आपण सहज म्हणतो. परंतु डांबर पाण्यात विरघळत नाही आणि काँक्रीटला तर बळकटी येण्यासाठी पाणीच लागते. रस्त्याचे नुकसान करते ते वरून वाहून जाणारे पाणी नव्हे, तर थरांमध्ये शिरून तिथेच अडकून पडलेले पाणी. रस्त्यांच्या कामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि पुढे राहत्या सोसायटीच्या आवारातील रस्त्याचे कामही पाहावे लागले. दोन्ही ठिकाणी ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच होते: पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हा प्रश्न कोणी कामाच्या आधी विचारलेला नव्हता.

उष्ण आणि दमट हवेत नेमके काय घडते

थंड देशांत फटीत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि रस्ता फोडते. आपल्याकडे हेच काम ऊन आणि ओल आळीपाळीने करतात. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागते ते तापमान, किमान ४७ अंश असावा, अशी मानकातील अट आहे. म्हणजे कडक उन्हात हे डांबर मऊ पडते आणि बसथांब्यांपाशी, सिग्नलपाशी जड वाहनांच्या चाकाखाली खोलगट पट्टे तयार होतात. त्याच वेळी ऊन आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे पृष्ठभागावरचे डांबर वर्षागणिक कडक आणि ठिसूळ होत जाते, त्याला बारीक भेगा पडतात. जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा त्याच्यासाठी साठायला खोलगट पट्टे आणि आत शिरायला भेगा अशी दोन्ही सोय आधीच झालेली असते.

आत शिरलेले पाणी दोन प्रकारे काम करते. दगडाच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे असते, त्यामुळे पुरेसा वेळ मिळाला तर पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये घुसून डांबराचा लेप सोडवते. आणि वरून चाक जाते तेव्हा थरातल्या पाण्यावर क्षणभर मोठा दाब येतो, चाक पुढे गेले की तेच पाणी मागे खेचले जाते. दिवसात हजारो वेळा चाललेल्या या पंपाने उरलेली पकडही सुटते. आपल्या भागातील खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते आणि तिला डांबर तसे चांगले चिकटते. परंतु क्रशरची भुकटी खडीवर तशीच राहिली, तर डांबर दगडाला न चिकटता भुकटीला चिकटते, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सुटी खडी रस्त्याच्या कडेला जमा झालेली दिसते.

चूक: ढाळ आणि गटाराच्या जाळीकडे शेवटी पाहणे

रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर ढाळ असला, तर पाणी थांबत नाही. हा ढाळ कागदावर नेहमी असतो. प्रत्यक्षात मात्र रस्त्याचा थर टाकून झाल्यावर लक्षात येते की गटाराची जाळी रस्त्यापेक्षा बोटभर उंच राहिली आहे, आणि मग पाणी जाळीच्या भोवती तळे करून उभे राहते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. शहरातील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरील १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी कोणतीच व्यवस्था पुरी पडणार नाही, हे खरे. पण रस्ता त्या एका दिवसाने सहसा मरत नाही. साध्या सरींनंतर आठ-आठ दिवस न हटणाऱ्या डबक्यांनी तो मरतो, आणि ती डबकी आपण टाळू शकतो.

उपाय साधा आहे. थर टाकण्यापूर्वी प्रत्येक जाळीची आणि मॅनहोलच्या झाकणाची लेव्हल घ्यावी आणि ती नव्या पृष्ठभागाला जुळवून घ्यावी. काम झाल्यावर, कंत्राटदाराचे अंतिम देयक देण्यापूर्वी, टँकरने रस्त्यावर पाणी सोडून पाहावे आणि अर्ध्या तासाने जिथे पाणी उभे असेल तिथे खडूने रेघ ओढून घ्यावी. ती प्रत्येक रेघ ही पुढच्या वर्षीच्या खड्ड्याची जागा आहे, असे समजून ते काम त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावे.

चूक: जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक

ही चूक मुंबईच्या गल्ल्यांत सर्वांत जास्त दिसते आणि तिचे परिणाम केवळ रस्त्यापुरते राहत नाहीत. दर तीन-चार वर्षांनी जुना थर न खरवडता चार-पाच सेंटीमीटरचा नवा थर टाकत गेले, की वीस वर्षांत रस्ता वीतभर वर येतो. पदपथाची कड दिसेनाशी होते, दुकानांच्या पायऱ्या रस्त्याखाली जातात आणि जुन्या चाळींच्या तळमजल्यांत, जिथे पूर्वी कधी पाणी शिरले नव्हते, तिथे जुलैमध्ये घोट्याएवढे पाणी भरते. त्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांनी काहीही चूक केलेली नसताना त्यांचे अंथरूण-पांघरूण आणि धान्याचे डबे भिजतात, आणि याची नोंद रस्त्याच्या खर्चात कुठेही होत नाही. मला ही बाब फार गंभीर वाटते.

तांत्रिक दृष्ट्याही हा उपाय फसवा आहे. खालच्या थरातील भेग काही महिन्यांत नव्या थरातून वर उमटते आणि दोन थरांच्या मधे पाणी साठून वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यामुळे जुना थर मिलिंग यंत्राने खरवडून काढावा, खालचा पाया तपासावा, पृष्ठभाग हवेच्या झोताने साफ करावा आणि त्यावर इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा पातळ लेप, सगळीकडे सारखा फवारावा. टॅक कोट टाकताना तपकिरी असतो आणि त्यातील पाणी सुटले की काळा होतो. तो काळा होण्याआधी वर डांबरी मिश्रण पसरणे म्हणजे दोन थरांमध्ये स्वतःच्या हाताने पाणी कोंडणे होय. दमट हवेत याला अधिक वेळ लागतो, तो दिला पाहिजे.

चूक: मेअखेरची घाई आणि थंड झालेले मिश्रण

ऑक्टोबरपासून हातात असलेला वेळ मंजुऱ्या आणि निविदांमध्ये जातो आणि काम मेच्या शेवटच्या आठवड्यात, ढग दाटून आल्यावर सुरू होते. डांबरी मिश्रणाचा बहुतेक पुरवठा शहराच्या कडेला किंवा बाहेर असलेल्या प्लँटमधून होतो आणि डंपर वाहतुकीत अडकून पडतो. व्हीजी-३० चे मिश्रण साधारण १५० ते १६५ अंशांवर तयार होते. पसरताना ते किमान १४० अंश असावे आणि रोलरची दबाई ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी पुरी व्हावी, असा दंडक आहे. ताडपत्री न घातलेल्या डंपरमध्ये दोन तास काढलेले मिश्रण पेव्हरमध्ये, म्हणजे ते पसरणाऱ्या यंत्रात, पडते तेव्हा ते दिसायला काळेभोर आणि चकचकीत असते, परंतु रोलर कितीही फिरवला तरी दबत नाही.

दबाई अपुरी राहिली की थरात पोकळ्या राहतात. त्यांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर गेले, की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी थरातून आरपार झिरपू लागते. माझ्या पाहण्यातील अकाली उखडलेल्या रस्त्यांमध्ये डांबर कमी घातल्याचा संशय बहुतेक वेळा आधी घेतला गेला, पण कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल नमुना, काढून पाहिल्यावर अनेकदा डांबर पुरेसे होते आणि दबाई कमी होती. म्हणून साइटवर डांबर तपासण्याचा थर्मामीटर ठेवावा, प्रत्येक डंपरचे तापमान वहीत लिहावे आणि ठरल्यापेक्षा थंड आलेला डंपर परत पाठवावा. हे करायला धैर्य लागते, कारण त्या क्षणी मुकादमापासून वाहनचालकापर्यंत सगळे घाईत असतात. प्रयोगशाळेत मिश्रण ठरवतानाच पाण्यात ठेवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्या नमुन्याच्या किमान ८० टक्के राहते का, हे पाहून घ्यावे. राहत नसेल तर एक ते दोन टक्के विरीचा चुना किंवा पकड वाढवणारे रसायन मिसळावे.

चूक: चर बुजवला म्हणजे काम संपले, असे मानणे

पाणी, वीज, गॅस, दूरध्वनी, इंटरनेट यांच्यासाठी रस्ते सतत खणले जातात, आणि चांगला रस्ता बिघडण्याचे ते एक मोठे कारण आहे. खणलेली माती एकदम परत ढकलून वर रोलरची एक फेरी मारली, तर वरचा भाग घट्ट दिसतो आणि खाली माती सुटीच राहते. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्यात लांबट खाच तयार होते. चर पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर दाबला पाहिजे. डांबराचा वरचा थर चराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त कापावा, म्हणजे नव्या-जुन्याचा सांधा हललेल्या मातीवर न येता घट्ट जमिनीवर येतो.

येथेच निदानाची एक खूण सांगतो. भर जानेवारीत एकाच ठिकाणी खड्डा परत परत पडत असेल, तर डांबराला दोष देण्याआधी खालची जलवाहिनी गळते का, ते पाहावे. मुंबईत पाणी ठरावीक तास येते. त्या तासांत भेगांमधून ओल वर येते आणि नंतर वाळते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असा खड्डा तीनदा बुजवला गेला. चौथ्या वेळी एका रहिवाशाने पहाटे पाणी येण्याच्या वेळी जाऊन पाहिले, तेव्हा कारण कळले. गळती दुरुस्त केल्यावर त्या जागी पुन्हा खड्डा पडला नाही.

चूक: काँक्रीट केले, आता काळजी नाही

मरीन ड्राइव्हचा १९४० च्या सुमारास झालेला काँक्रीटचा रस्ता अनेक दशके टिकला, त्यामुळे काँक्रीटवरचा विश्वास निराधार नाही, आणि दमट हवेत ते डांबरापेक्षा पाण्याला अधिक तोंड देते, हेही खरे. मात्र ते चुका माफ करत नाही. भरावाच्या, खाडीकाठच्या चिकणमातीवर पाया नीट न करता ओतलेली लादी खालची माती खचली की मध्ये तडकते. सांधे वेळेत, म्हणजे काँक्रीट घट्ट होऊ लागल्यावर काही तासांत कापले नाहीत, तर ते आपल्या मनाने तडकते. सांध्यातील सीलंट (फट बंद करणारा लवचीक माल) निघाला की पाणी खाली जाते, लादीखालची बारीक माती चिखल होऊन चाकाच्या दाबाने बाहेर येते आणि लादी अधांतरी राहते. सांध्याच्या तोंडाशी मातकट डाग दिसू लागले, तर हेच घडते आहे असे समजावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत सांध्यातील पोलादी सळ्या गंजण्याचा धोका वेगळाच.

मार्च-एप्रिलच्या उन्हात आणि वाऱ्यात ताज्या काँक्रीटमधील पाणी झपाट्याने उडते, म्हणून ओले गोणपाट घालून किमान चौदा दिवस क्युअरिंग करावे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवावे, आणि वाहने अठ्ठावीस दिवसांच्या आत सोडू नयेत. रहदारी लवकर सुरू करा, असा आग्रह अनेकदा आपण नागरिकच धरतो. सेवा-वाहिन्यांसाठी डक्ट (वाहिन्या घालायच्या नळ्या) आधीच टाकावेत, नाहीतर नवी लादी वर्षभरात फोडली जाते. आणि झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जमीन मोकळी ठेवावी. बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि तीच झाडे पुढे पावसाळ्यात माणसांवर आणि वाहनांवर पडतात.

चूक: भर पावसात खड्ड्यात मिळेल ते टाकणे

विटांचे तुकडे, डेब्रिज, सुटे पेव्हर ब्लॉक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात टाकले, की दोन दिवसांत ते बाहेर येतात आणि दुचाकीस्वारांसाठी खड्ड्याहून घातक ठरतात. खड्डा चौकोनी कापावा, कडा उभ्या असाव्यात, सैल माल आणि पाणी पूर्ण काढावे, कडांना टॅक कोट लावावा, थरांत भरून दाबावे आणि शेवटी कडा डांबराने बंद कराव्यात. कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता वापरायचे डांबरी मिश्रण, सोयीचे असले तरी त्यातील द्रव उडून गेल्यावरच ते कडक होते, आणि जुलैच्या हवेत ते लवकर उडत नाही. म्हणून ते लहान खड्ड्यांपुरते, तात्पुरते मानावे. गर्दीच्या चौकात मास्टिक अधिक भरवशाचे असते, कारण ते सुमारे दोनशे अंशांवर शिजवलेले, रोलर न लागणारे आणि पाणी जवळजवळ न शोषणारे मिश्रण आहे. तेही कोरड्या पृष्ठभागावरच टाकावे लागते. पावसाची उघडीप साधून, खड्डा सुकवूनच ते काम करावे.

मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसत असतील, तर मात्र यांपैकी काहीच पुरणार नाही, कारण तिथे पायाच खचलेला असतो. तेवढा भाग पायापर्यंत खणून नव्याने भरावा लागतो. अवजड वाहनांच्या मार्गावर हे लवकर घडते, कारण अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पुनर्विकासाचे डंपर फिरू लागले, तर हा हिशेब आधी मांडावा आणि दुरुस्तीचा खर्च करारात लिहून घ्यावा.

पाहणीसाठी सर्वांत योग्य वेळ पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. तेव्हा भेगांच्या कडा अजून ओल्या असतात, त्यामुळे पाणी कुठे मुरले ते डोळ्यांना दिसते, आणि सर्व भेगा सीलंटने बंद करायला पुढचे सात कोरडे महिने हातात असतात.