पाचव्या फ्रेटवरून सुटका

दोन वर्षं मी गिटारवर ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या मालिकेच्या, पाचव्या फ्रेटवरच्या (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी) चौकटीत अडकलो होतो. सोलो, म्हणजे एकट्या गिटारची सुरावट, वाजवायची तर जिना चढा, जिना उतरा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये रात्री ॲम्प लावायची सोय नाही. म्हणून मोबाइलवर ए मायनर, एफ, सी, जी या कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) एवढंच मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत रेकॉर्ड केलं आणि आधी नुसतं गुणगुणलो. (आई म्हणाली, गळा बरा आहे, गिटार सोड.) मग गुणगुणलेलंच वाजवायचं, तेही दोनच तारांवर, आणि कॉर्ड बदलली की तिच्याच स्वरावर थांबायचं. एफवर ए किंवा सी, जीवर डी. ओळींमध्ये श्वासाची जागा आपोआप आली.

बोटं अजून तारांपासून फार उंच उचलली जातात. करंगळी तर तलावपाळीला चक्कर मारून येते.