पक्षी सप्ताह साजरा करताय? या चुका टाळा

ऑक्टोबर संपत आला की फोन सुरू होतात. "सर, पाच तारखेला उद्घाटन ठेवलंय. पाहुणे मिळतील का, आणि फ्लेक्सवर कुठला पक्षी टाकू?"

पक्ष्याचं मी सांगतो. एका वर्षी आमच्या फ्लेक्सवर छपाईवाल्याने नेटवरून उचलून मकाव टाकला होता. दक्षिण अमेरिकेतला लालनिळा पोपट, आणि खाली ओळ, 'आपले पक्षी, आपला अभिमान'. मुलांनी दिवसभर माळावर तो शोधला. राज्यपक्षी हरियाल टाका, नाहीतर गावच्या माळावरचा चंडोल. त्याहून बरं म्हणजे फ्लेक्सच नको. पाच मीटर मांजरपाट आणि शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा ब्रश पुरतो.

बहुतेक घोळ तारखांपासूनच होतात. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस (१९३२, सोलापूर), १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचा (१८९६, मुंबई). या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० मध्ये पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात गेले. त्यामुळे जुनं पत्रक वर्ष बदलून पुन्हा छापण्याआधी एकदा वाचा, 'दीर्घायुष्य लाभो' तसंच राहून जातं.

भाषण ही पुढची चूक. पुरस्कारांची यादी, पद्मश्री, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, टाळ्या. मागच्या बाकावरचं पोर तोवर झोपलेलं असतं. त्याऐवजी सलीम अलींची चिमणी सांगा. लहानपणी त्यांनी बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग, नेहमीची वाटेना. ती कुठली हे विचारायला पोरगं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलं आणि तिथून पुढचं सगळं आयुष्य घडलं. चिमणी मारली होती हे लपवू नका. मुलं त्याच वाक्याला कान टवकारतात.

चितमपल्लींबद्दल सांगायचं तर त्यांचे शब्द सांगा. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटलं, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. आमच्या तलावाकाठच्या चिंचेवर बगळे घरटी करतात. ते सारंगागार आहे म्हटल्यावर एका मुलीने वहीत तसं लिहिलं आणि खाली बाण काढून 'इथे शिट पडते, टोपी घाला' अशी नोंद केली. अशी नोंद कुठल्याच भाषणातून निघाली नसती.

आता पक्षी बघायच्या फेरीकडे येऊ. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य साडेसहा-पावणेसातला उगवतो. पाहुणे साडेआठला येतात, नारळ फुटतो, नऊला फेरी निघते. तोवर पक्षी गप्प झालेले असतात आणि मग 'आमच्याकडे पक्षीच राहिले नाहीत' असा निष्कर्ष निघतो. उद्घाटन हवंच असेल तर ते फेरीनंतर ठेवा. शंभर मुलं एका रांगेत नेऊ नका, एका जाणकारामागे बारा-पंधरा पुरेत. पांढरे गणवेश त्या दिवशी नकोत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं बंद करा. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून तो बिचारा खाणं सोडून धावत येतो, आणि आपण त्याला 'छान रिस्पॉन्स' म्हणतो.

दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, ही मुलांची हमखास तक्रार. दहापैकी नऊ वेळा दुर्बीण ठीक असते. मूल दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधत असतं, त्यामुळे त्याला नुसतं निळं आकाश दिसतं. आधी उघड्या डोळ्याने पक्ष्यावर नजर ठेवायला सांगा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायला सांगा. दोन काळी वर्तुळं दिसत असतील तर मधली घडी मिटवून दोन्ही नळ्या मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ आणा. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवा किंवा दुमडा. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीच नाही, हे दर फेरीला नव्याने सांगा.

प्रदर्शनातल्या टेबलाचा मात्र मला राग येतो. एका शाळेत सुगरणीची चौदा खोपी मांडली होती, फांद्यांसकट तोडून. "रिकामी होती सर." सुगरणीची वीण पावसाळ्यात होते, त्यामुळे नोव्हेंबरात बहुतेक खोपी रिकामी दिसतात हे खरं. पण त्याच खोप्यांत मुनिया रात्रीला शिरतात, कधी अंडीही घालतात. खोपी झाडावर राहू द्या, मुलांना झाडाखाली न्या. कुणी पिंजऱ्यातला पोपट आणला तर कौतुक न करता पालकांशी बाजूला बोला. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आणि आता ती चूक, जी मीही केली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी वृक्षारोपण.

पहिल्या-दुसऱ्या वर्षी आम्ही गावाबाहेरच्या माळावर शंभर रोपं लावली. करंज, गुलमोहर. जेसीबीने चर खणले, फोटो काढले. पाऊस महिन्यापूर्वीच सरला होता, पुढचं पाणी थेट जूनमध्ये. मार्चपर्यंत रोपं वाळली. चर राहिले, त्यांच्या काठाच्या मातीवर रान माजलं आणि त्या पट्ट्यातले चंडोल गेले. चंडोलाचं घरटं म्हणजे गवताच्या झुपक्याशी खुराच्या ठशाएवढा खळगा. धाविक, माळटिटवी यांना चहूकडे मोकळं दिसायला लागतं. मध्ये झाडं उभी राहिली की त्यांवर कावळे आणि शिकरे बसतात आणि खालची अंडी-पिल्लं टिपतात. माळढोकाचं नान्नज, जिथे १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ते आमच्याच सोलापूर जिल्ह्यात. आम्हाला कळायला हवं होतं.

त्या दिवशी एक मेंढपाळ कडेला उभा राहून बघत होता. मी म्हणालो, "मामा, पडीक जमीन हिरवी करतोय." तो म्हणाला, "पडीक कुटं हाय? मेंढरं जगत्यात की ह्याच्यावर." पुढच्या वर्षीपासून उद्घाटनाला पाहुणा तोच. माईक देऊ नका, तो बोलत नाही. त्याच्यामागून चालत जा. यंदा टिटवीने अंडी सखलात घातली की उंचवट्यावर आणि त्यावरून पावसाचा काय अंदाज बांधला, हे तो आपणहून सांगेल. अंदाज खरा की खोटा यावर लगेच वाद नको, वहीत उतरवा. चितमपल्लींनीही जंगल असंच शिकून घेतलं, वनखात्यात राहून पण रानातल्या माणसांच्या तोंडून.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावावर फेरी काढणाऱ्यांची हीच चूक वेगळ्या रूपात होते. बदकं मोजतात आणि तलाव 'निसर्गाची देणगी' म्हणून मोकळे होतात. तो तलाव कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेला आहे. पाळ कुणी बांधली, गाळ कोण काढतं, काठावर बेशरमाची झुडपं किती पसरलीयत, हे प्रश्न यादीत नसतील तर बदकांचा आकडा अर्धाच. गोंदियात सारस भातखाचरात घरटं करतो, म्हणून तिथल्या मोजणीत शेतकऱ्याशिवाय पान हलत नाही.

वाचनाची एक रीत मात्र बाहेरून उचलावी. आल्डो लिओपोल्ड हाही वनाधिकारी. माती, पाणी, झाडं, जनावरं हे सगळे आपल्याच बिरादरीतले, त्यांच्याशी वागण्यालाही नीती लागते, असं त्याचं म्हणणं. ते पुस्तकरूपाने आलं १९४९ मध्ये, तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी लोक जमून त्याचं लिखाण मोठ्याने वाचतात, आळीपाळीने. आम्ही चितमपल्लींचं वाचतो. पहिल्यांदा दहा पानं घेतली, माईक लावला, वारा नुसता घोंघावत राहिला. आता दोन पानं, माईक नाही, माळावरच बसून, संध्याकाळी.

संध्याकाळ मुद्दाम म्हणतोय. सगळे फेऱ्या सकाळी काढतात, पण हिवाळ्यात आलेले भोवत्ये, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, दिवस मावळताना माळावर जमतात आणि एकेक करून गवतात जमिनीवर उतरतात, रात्रीपुरते. लांब बसा, बॅटरी लावू नका, ते उतरले त्या बाजूला जाऊ नका.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना दिसले ते सगळे पक्षी टाका, साळुंकी-कावळ्यासकट. मोजता आले नाहीत तर नीट अंदाज करून आकडा लिहा, तोही जमला नाही तरच एक्स. आणि १२ तारखेला वह्या गोळा करून कपाटात टाकू नका. आम्ही त्या मुलांकडेच ठेवतो, दुसरी फेरी फेब्रुवारीत असते, भोवत्ये परतायच्या आधी. त्या फेरीला फ्लेक्स नसतो, पाहुणे नसतात, आणि मेंढपाळमामा तोवर मेंढरं घेऊन दुसऱ्या शिवारात गेलेले असतात. त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.