आयसीयूतून वॉर्डात आलेला पेशंट परत आत जाऊ नये म्हणून शेजारी बसणाऱ्याने काय बघायचं

पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला की घरचे जरा सैलावतात, आणि नेमके पुढचे दोन-तीन दिवसच नाजूक असतात. तिकडे एका सिस्टरकडे एक-दोनच पेशंट आणि मॉनिटर चोवीस तास चालू, इथे तिच्याकडे कितीतरी बेड आणि बीपी-पल्स चार-सहा तासांनी. मधेच काही बिघडलं तर ते आधी तुम्हालाच दिसणार, म्हणून हे लिहितेय.

परत आत जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे श्वास. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या माणसाच्या अंगात खोकून कफ काढायची पण ताकद उरत नाही, तो आत साचतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून श्वास मोजायला शिकाच. मोजतोय हे पेशंटला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो, मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि छाती किती वेळा वर येते ते मोबाईलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चौपट नको. 12 ते 20 ठीक, 21 ते 24 आलं तर सिस्टरच्या कानावर घाला, 25 किंवा वर गेलं तर लगेच बोलवा, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन 97 दिसत असला तरी, कारण नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मधे जो न्यूज स्कोअर (श्वास, नाडी, बीपी वगैरेंना मार्क द्यायचे, मार्क जितके जास्त तितका पेशंट धोक्यात) आणला त्यात श्वास 25 झाला की एकदम 3 मार्क, म्हणजे तेवढ्यावरच डॉक्टरने येऊन बघायला हवं.

दुसरं खाणंपिणं. घशात नळी राहिली की गिळणं बिघडतं, आणि आपल्याकडे वॉर्डात आल्या आल्या कोणीतरी नारळपाणी घेऊन येतंच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक घोट पण नाही, प्लीज. परवानगी मिळाल्यावर सरळ बसवून, पूर्ण जागं असताना, अर्धा-अर्धा चमचा. पाणी प्यायल्यावर ठसका लागला किंवा आवाज घरघरीत आला तर थांबा आणि सांगा.

लघवी एकदम कमी झाली, किंवा काल नीट बोलणारा माणूस आज बरळतोय, दिवसभर झोपूनच आहे, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका, इन्फेक्शन परत चढत असू शकतं. आणि घरच्या जुन्या गोळ्या, बीपीच्या, थायरॉईडच्या, आयसीयूत बंद केलेल्या असतात त्या परत कधी चालू करायच्या हे राऊंडला विचाराच, ते बरेचदा राहून जातं.

रात्री उशिरा शिफ्ट करणार असतील तर सकाळी करता येईल का ते विचारा. बेड हवा असतो त्यांना, कळतं, पण रात्री वॉर्डात स्टाफ कमी असतो.

आणि बोलवताना ‘बरं वाटत नाहीये’ एवढंच म्हणू नका. ‘सिस्टर, मघाशी श्वास 20 होता, आता 28 आहे आणि मला ओळखत नाहीयेत’ असं आकड्यासकट सांगा. तरी कोणी आलं नाही तर आरएमओला, म्हणजे हॉस्पिटलात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला, बोलवायला सांगा, आणि परत परत सांगा, कोणाला राग आला तरी चालेल.