तळणीचं उरलेलं तेल मोरीत नको, मग कुठे?

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचं चेंबर तुंबलं. प्लंबरने आधी बांबूची कामटी घालून पाहिली, मग सरळ हात घातला आणि पांढुरकं, साबणाच्या वडीसारखं काहीतरी ढेकळाढेकळांनी बाहेर काढलं. "हे काय हो?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमच्या सगळ्यांच्या चकल्या."

ती खरोखरच साबणाची वडी असते. मोरीतून गेलेल्या तेलातली आम्लं पाण्यातल्या आणि सिमेंटच्या पाइपातल्या कॅल्शियमशी मिळतात आणि पाण्यात न विरघळणारा कडक साबण तयार होतो. त्यात केस, भाताची शितं, चहाचा चोथा अडकत जातो. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. आपलं चेंबर त्या मानाने लहान भावंड.

पण आमच्या इमारतीत कढईभर तेल मोरीत ओतणारं घर एकही नसेल. तेलाचे भाव पाहता कोणाचा हात धजावेल? चेंबरपर्यंत जातं ते ताटावाटीतून, थेंबाथेंबाने: मटणाच्या रश्शावरची तर्री, मिसळीचा कट, भरल्या वांग्याच्या कढईचा तळ. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी भांडी पुसण्याची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाकीच्या वर्षातून चार-सहा वेळा लागतात, ही रोज.

१. तेल पूर्ण निवू द्या

गॅस बंद केल्यावर कढई हलवू नका, आहे तिथेच राहू द्या. लोखंडी जाड कढईतलं तेल निवायला दीड-दोन तासही लागतात. वरून शांत दिसणारं तेल आत चांगलंच तापलेलं असतं, आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम तेल ओतलं की बाटली क्षणात आकसते आणि तेल पायावर येतं. कढईला बाहेरून हात लावता येईल, तेव्हाच पुढचं काम.

तळताना तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण किंवा परात ठेवा. पाणी अजिबात नाही. पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि जळतं तेल घरभर उडतं.

२. गाळून घ्या

स्टीलच्या गाळणीत जुन्या मलमलीचा तुकडा घाला आणि तेल संथपणे ओता. तळाचा बेसनाचा काळा गाळ तेलात राहिला, तर पुढच्या वेळी तोच आधी करपतो आणि सगळं तेल कडवट करतो. गाळ खरवडून ओल्या कचऱ्यात टाका.

३. ठेवायचं की टाकायचं, ते ठरवा

एकदा पुऱ्या तळलेलं स्वच्छ तेल दोन-तीन दिवसांत फोडणीला, थालीपिठाला संपवायला हरकत नाही. सुरमई किंवा बोंबील तळलेल्या तेलाचा वास मात्र मासळीच्याच स्वयंपाकात खपतो. तेल काळपट आणि दाट झालं असेल, बोटांना चिकट लागत असेल, तापवताना फेस धरत असेल किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. खवट वास आला तर प्रश्नच नाही. वारंवार तापवलेल्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढत जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. ती मोजायचं यंत्र आपल्या ओट्यावर नसतं, नाक आणि डोळे असतात. तेवढे पुरतात.

जुन्या तेलात नवं तेल ओतून 'सुधारायची' सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने जुनं सुधारत नाही, नवं बिघडतं.

४. टाकायचं तेल साठवा

तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन यासाठी उत्तम. त्याला चिकटपट्टी लावून वर ठळक लिहा: 'वापरलेलं, खायचं नाही'. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या आत्याबाईंनी बिननावाच्या बरणीतलं असलं तेल कौतुकाने शेवेच्या भाजीला घातलं होतं, तेव्हापासून ही चिठ्ठी. कॅन काठोकाठ भरू नका, झाकण घट्ट लावा आणि गॅसपासून लांब, उंदराचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा. पाणी अजिबात जाऊ देऊ नका. पाणी मिसळलेलं तेल लवकर नासतं आणि नेणारेही ते नाकारतात.

५. कोणाला द्यायचं

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल होतं. मिथेनॉलची प्रक्रिया केली की इंधन वेगळं होतं आणि ग्लिसरीन उरतं. त्यासाठीच प्राधिकरणाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'रुको' नावाची मोहीम सुरू केली. मोठ्या हॉटेलांना हे तेल नोंद ठेवून द्यावं लागतं. घरच्या लिटर-दोन लिटरसाठी कोणी जिना चढून येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे सोसायटीत एकच मोठा कॅन ठेवायचा, दिवाळी आणि शिमग्यानंतर तो भरला की नोंदणीकृत संकलकाला बोलवायचं. नोंदणी आहे ना, हे विचारायला लाजू नका. कारण 'तेल विकत घेतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं तेल इंधनालाच जातं असं नाही, ते पुन्हा कुठल्यातरी गाडीवरच्या कढईतही जाऊ शकतं. त्याच कारणाने, आपण टाकायला काढलेलं तेल कामाला येणाऱ्या मावशींना 'घेऊन जा' म्हणून देऊ नये. आपल्याला नको असलेलं विष दुसऱ्याच्या ताटात जातं, आणि वर उपकारही आपलेच.

६. वाटीभरच असेल तर

वाळवलेला चहाचा चोथा, लाकडाचा भुसा किंवा गव्हाचा कोंडा यांत तेल जिरवा आणि ओल्या कचऱ्यात टाका. घरी कंपोस्ट करत असाल तर चमचा-दोन चमच्यांच्या पुढे जाऊ नका. तेलाने हवा कोंडते, खत कुजकट वास मारतं आणि घुशी येतात. तेल टिपलेला वर्तमानपत्राचा कागद रद्दीत देऊ नका, त्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही. गावाकडे बंब पेटवायला तो चालतो. पेटत्या बंबात तेल ओतायचं मात्र नाही.

वनस्पती तूप, मटणाची चरबी, थंडीत गोठलेलं खोबरेल हे तर सोपं काम. गोठू द्या, उलथन्याने खरवडा, कागदात बांधून कचऱ्यात टाका.

७. भांडी आधी पुसा, मग घासा

आजी चुलीतल्या राखेने भांडी घासायची. राख आधी तेल शोषायची, आणि तिच्यातल्या क्षाराने उरलेल्या तेलकटपणाचा थोडा साबण व्हायचा. ते पाणी जायचं मागच्या अळूच्या आळ्यात. आता राख गेली, अळू गेला, आणि सगळा भार चार इंची पाइपावर आला. म्हणून कढई, तवा, रश्श्याचं पातेलं घासायला टाकण्याआधी जुन्या चपातीच्या तुकड्याने, रद्दीच्या बोळ्याने किंवा मूठभर कोंड्याने पुसून घ्या. ताटातली तर्रीही चमच्याने निपटून काढा. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी हवीच.

"उकळतं पाणी सोडलं की तेल वाहून जातं" हा समज सोडून द्या. जातं ते पुढच्या वळणापर्यंत, तिथे पाणी निवतं आणि तेल भिंतीला बसतं. तुमची मोरी मोकळी, खालच्या मजल्याची तुंबलेली. गावात सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल तर तेलाने मातीची छिद्रंच बुजतात, आणि खड्डा उपसून पुन्हा भरावा लागतो.

तेलाने भिजलेली फडकी ढिगाने कोंदट जागी टाकू नका. विशेषतः जवसाचं तेल हवा लागून स्वतःच तापतं आणि फडकं पेटूही शकतं. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा. आणि उरलेलं तेल दाराच्या बिजागरीला किंवा शिलाई मशीनला घालायचा मोह आवरा. खाण्याचं तेल काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं. आमच्या बाल्कनीचं दार त्यामुळे आधीपेक्षा जास्त करकरतं.