उसाचा मुरघास: मळी-गूळ राहू द्या, आधी यीस्टचा बंदोबस्त करा

उसाचा मुरघास (कुट्टी करून हवाबंद आंबवलेला चारा) उघडला की दारूचा भपका येतो आणि मग लोक म्हणतात, ऊस मुरघासाला चालतच नाही. चालतो हो, पण मक्याची पद्धत तशीच्या तशी उसाला लावली की घोळ होतो. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं, मक्याला वापरतात तेच कल्चर (चारा आंबवणाऱ्या जंतूंचं पाकीट) घेतलं आणि वर मळीपण (साखर कारखान्याचं मोलॅसिस) पाण्यात कालवून शिंपडली, म्हटलं जेवढं गोड तेवढा मुरघास भारी. आठवड्याभरात बॅगा टम्म फुगल्या, एकीची शिवण उसवली, आणि जनावरांनी दोन घास खाऊन बाकीचं गव्हाणीतच ठेवलं.

झालं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठली वस्तू कशासाठी टाकायची ते आपोआप कळेल. गवतात साखर कमी असते म्हणून गवताच्या मुरघासात मळी टाकतात, आम्ल तयार व्हायला मदत होते. उसात साखर मुळातच रग्गड, आम्लपण पटकन तयार होतं, दोन-चार दिवसांत पीएच ४ च्या खाली जातो. पण उसावर जे यीस्ट असतं ना, त्याला या आंबटपणाचं काही वाटत नाही, हवा नसली तरी ते साखर खात बसतं आणि तिची दारू आणि कार्बन डायऑक्साइड करतं. यीस्टने जेवढी साखर खाल्ली तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग गॅस होऊन जातो, म्हणूनच बॅगा फुगतात, आणि राहिलेल्या दारूतली बरीचशी बॅग उघडल्यावर उडून जाते. म्हणजे उसात जे काही टाकायचं ते यीस्टला आवरायला, आंबटपणा वाढवायला नाही. मळी, गूळ टाकणं म्हणजे चोराला किल्ली देणं.

आता ऊस कसा घ्यायचा? पक्व घ्या, कोवळा नको, कोवळ्यात पाणी जास्त. वाळलेलं पाचट काढून टाका, वाढे राहिले तरी चालतील. कुट्टी १ ते २ सेंमीची, आणि ऊस तोडला त्याच दिवशी कुट्टी करून त्याच दिवशी भरायचं, कुट्टीचा ढीग रात्रभर पडला तर यीस्टची जत्रा भरते मग वरून काही शिंपडून उपयोग नाही.

टाकायच्या वस्तू. सगळी मापं १ टन ओल्या कुट्टीला आहेत.

चुना: यीस्टवर बऱ्यापैकी भरवशाचा, आणि उसाचा कडक चोथा थोडा मऊ पण करतो त्यामुळे पचायला बरा. कळीचा चुना ५ ते १० किलो, ४० लिटर पाण्यात. चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा-हातमोजे घाला, आळस करू नका. ड्रम लोखंडी घ्या, प्लास्टिकचा गरम होऊन वाकतो. निवल्यावर कापडातून गाळून घ्या नाहीतर पंपाचा नोझल दर पाच मिनिटाला तुंबतो (मी शेवटी वैतागून झारीच घेतली), आणि सारखं ढवळत राहा कारण चुना तळाला बसतो. एक लक्षात ठेवा, १० किलोच्या हिशेबाने कॅल्शियम फार वाढतं, म्हणून मी ५ किलोच्याच बाजूने असतो, सोबत फॉस्फरसवालं मिनरल मिक्श्चर हवंच, आणि विण्याला महिनाभर राहिलेल्या गाई-म्हशींना हा मुरघास देऊ नका, पुढे मिल्क फीव्हरचा (विल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून जनावर बसतं त्याचा) धोका वाढतो.

युरिया: यीस्टवर याचा परिणाम कधी चांगला कधी जेमतेम, पण प्रोटीनसाठी कामाचा. उसातलं पाणी वगळून जो कोरडा भाग उरतो त्यात प्रोटीन जेमतेम २ ते ४ टक्के असतं. टनाला ५ किलो युरिया टाकला तर कागदावर त्यात साधारण ५ टक्के भर पडते, थोडं अमोनिया होऊन उडतं ते सोडा. काही ठिकाणी १० किलो टाकतात, पण हिशेब करा ना, १० किलोवाल्या मुरघासात दर किलोला १० ग्रॅम युरिया, गाईने १५ किलो खाल्ला की दीडशे ग्रॅम पोटात, आणि ४०० किलोच्या गाईला साधारण १६० ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. म्हणून ५ किलोच बरा. दर ९ किलो युरियाला १ किलो अमोनियम सल्फेट मिसळा, कोटीपोटातल्या (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जंतूंना प्रोटीन बनवायला गंधक लागतं. पाण्यात पूर्ण विरघळवून सगळीकडे सारखा शिंपडा, एका जागी खडे राहिले तर तो घास जिवावर बेततो.

कल्चर: पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. फक्त लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जंतू असेल तर उसाला उपयोग नाही, ते लॅक्टिक आम्ल करतं आणि यीस्टला त्याचा काही फरक पडत नाही. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जंतू पाहिजे, ते त्याच लॅक्टिकचं ॲसेटिक आम्ल करतं आणि यीस्ट त्याला घाबरतं. ग्रॅमला निदान १ लाख जिवंत जंतू पडायला हवेत, म्हणजे टनाला १०,००० कोटी, पाकिटावरच्या आकड्याशी ताडून बघा. क्लोरीनचं पाणी नको, कालवलेलं त्याच दिवशी संपवा. हे कल्चर सावकाश काम करतं, त्यामुळे ४५ ते ६० दिवस थांबायची तयारी ठेवा.

सोडियम बेंझोएटपण (खाण्याचे पदार्थ टिकवायला वापरतात ते) चालतं, टनाला १ किलो पाण्यात विरघळवून.

सगळंच थोडं थोडं टाकू असा विचार मात्र करू नका. चुना आणि कल्चर एकत्र केलं तर जंतू मरतात, बेंझोएट आंबट मालातच काम करतं म्हणून चुन्याबरोबर वाया जातं, आणि चुन्यासोबत युरिया टाकला तर अमोनिया उडून जातो. एकच धरा. चुनावाल्या मुरघासाला प्रोटीन पाहिजे तर खायला देताना पेंडीतून द्या.

भरताना १५-२० सेंमीचा थर, त्यावर शिंपण, मग तुडवणं, परत थर. एका घनमीटरात ६०० किलोच्या आसपास माल बसला पाहिजे, पायाने दाबून भागत नाही, खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवा. रस फार सुटतोय असं वाटलं तर तळाला वाळलेल्या चाऱ्याचा भुसा अंथरा. वरून कागद घट्ट, कडेला माती, आणि उंदीर-कुत्र्यांवर लक्ष.

चुना किंवा युरियावाला महिन्याभराने उघडला तरी चालतो. उघडला की रोज समोरून निदान १५ सेंमी तरी काढायचा, काढलेला थोडा वेळ पसरून ठेवा म्हणजे वास उडतो. बुरशी आलेला भाग सरळ फेकून द्या, शेळीला पण नको. सुरुवातीला नेहमीच्या चाऱ्यात पाव हिस्सा, दोन-तीन आठवड्यांत वाढवत अर्ध्यापर्यंत.

युरियावाला मुरघास लहान वासरांना, घोड्याला, डुकराला अजिबात नाही, आणि उपाशी जनावरापुढे एकदम टाकायचा नाही. जनावर थरथरायला लागलं, लाळ गळतेय, पोट फुगलंय, श्वास जोरात चाललाय तर तो युरियाच चढलाय असं समजून आधी डॉक्टरला फोन करा आणि तो चारा पुढून काढा. जनावर उभं असेल आणि गिळत असेल तर ५ टक्केवालं व्हिनेगर २ ते ४ लिटर, भरपूर थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजायचं. आडवं पडलेल्याला मात्र बाटलीने पाजू नका, पाणी फुफ्फुसात जातं, त्याला डॉक्टरच नळीने देतील.