झडीतला संत्रा: लसूण कुठे चालतो, मोरचूद कुठे लागतो

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे झड लागली की संत्र्याचे बागायतदार विचारू लागतात, लसणाचा अर्क मारला तर बुरशी थांबेल का? पानावरच्या बुरशीला सुरुवातीलाच काही प्रमाणात आळा बसतो. पण अर्क कसा केला, यावर बरंच अवलंबून आहे.

लसणातला बुरशी आणि जिवाणूंना रोखणारा पदार्थ म्हणजे ॲलिसिन. अख्ख्या पाकळीत तो नसतोच. पाकळी ठेचली की आतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि मग ॲलिसिन तयार होतं. नाकाला झोंबणारा वास त्याचाच. म्हणून लसूण खलबत्त्यात बारीक ठेचा, दहा मिनिटं तसाच राहू द्या, मगच थंड पाणी घाला. अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकल्या तर विकर निकामी होतं आणि मेहनत वाया जाते. अर्क सुती कापडातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं नोझल चोंदतं. त्याच दिवशी, संध्याकाळी उघाड बघून फवारा. पाऊस आला की अर्क धुऊन जातो.

लवंग, दालचिनी, ओवा यांच्या तेलांतही बुरशी रोखण्याची ताकद आहे. पण तेल पाण्यात नीट मिसळत नाही, जाड थेंब पडला की कोवळं पान करपतं. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा.

डिंक्यावर, म्हणजे बुंध्याची साल सडून डिंक गळतो त्या रोगावर, मात्र यातलं काहीही चालत नाही. हळदीचा लेप लावून वाट पाहिलेली झाडं मी वाळताना पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. हा रोग करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव जमिनीत राहतो, साचलेल्या पाण्यातून पसरतो आणि सालीच्या आत शिरतो. आधी चर काढून बुंध्याजवळचं पाणी काढा. सडलेली साल धारदार चाकूने खरवडा, तुकडे बागेबाहेर जाळा. मग 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. त्यात घासलेला लोखंडी चाकू बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

बांधावरच्या कडुनिंबाखाली आता निंबोळ्या पडतायत, त्याही वेचून घ्या. गर धुऊन सावलीत वाळवा आणि गोणपाटात भरा. प्लास्टिकच्या पोत्यात बुरशी धरते. पुढे किडीसाठी 5 टक्के अर्काला 100 लिटर पाण्यामागे 5 किलो लागतील.